फोनच्या चुंबकमापकावर धक्क्याच्या ४० मिनिटं आधी उडी. खडकातला ताण आणि चुंबकक्षेत्र यांचा खरंच संबंध असतो का?

निशाचर:

मंडळी, एक शंका आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

एक जुना फोन पडून होता. त्यातला होकायंत्राचा सेन्सर दर सेकंदाला वाचून फाइलमध्ये लिहिणारं ॲप टाकलं आणि गेले दोन महिने तो फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलाय. सूर्यावर वादळ झालं की इथे काही हलतं का, एवढंच बघायचं होतं. (काही हललं नाही.)

परवा रात्री २ वाजून ५१ मिनिटांनी भूकंपाचा लहानसा धक्का बसला. पलंग हलला, दाराची कडी वाजली, संपलं. नंतर अधिकृत नोंद पाहिली. तीव्रता ३ च्या जराशी वर, केंद्र इथून साधारण ३० किलोमीटरवर. सहज म्हणून फोनची फाइल उघडली आणि झोपच उडाली. २ वाजून ११ मिनिटांनी एकूण क्षेत्र ०.६ मायक्रोटेस्लाने वर गेलंय. पायरी चढावी तसं, एकदम. आणि वर गेलं ते तिथेच राहिलंय. धक्क्याच्या वेळी मात्र नुसती थरथर.

मग पहाटेपर्यंत वाचत बसलो. खडकावर दाब आला की त्याचं चुंबकत्व बदलतं म्हणे. १९८९ च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपाआधी कुठल्याशा यंत्रावर काहीतरी दिसलं होतं म्हणे. हे खरं असेल तर माझी पायरी म्हणजे काय आहे? आणि खोटं असेल तर नेमकं कुठे खोटं आहे, ते कोणी नीट सांगेल का?

टोलेजंग:

अभिनंदन! पुढच्या वेळी ४० मिनिटं आधी धागा काढा, म्हणजे आम्ही चपला घालून तयार राहतो.

गंमत सोडा, पण ही कल्पना फार जुनी आहे. १८५५ साली एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, मोठा भूकंप झाला. तिथल्या एका चष्म्याच्या दुकानात मोठा चुंबक टांगलेला होता आणि त्याला चिकटलेले खिळे भूकंपाच्या दोनेक तास आधी आपोआप गळून पडले, अशी गोष्ट सांगतात. त्यावरून भूकंपाची वर्दी देणारं यंत्रही काढलं होतं लोकांनी: चुंबकावरून खिळा पडला की घंटा वाजणार. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

केरोसीनबाटली:

निशाचर, मी हसणार नाही. माझी १९ वर्षं याच कामात गेली. आधी चुंबकमापक पाठीवर घेऊन डोंगर तुडवले, मग एका भ्रंशाच्या (ज्या भेगेवर खडक सरकून भूकंप होतो, तिच्या) दोन अंगांना बसवलेली दोन ठाणी सांभाळली. सदस्यनाम तिथूनच आलंय. प्रोटॉन मॅग्नेटोमीटरच्या, म्हणजे आमच्या चुंबकमापकाच्या, सेन्सरमध्ये केरोसीन भरलेली बाटली असते आणि भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यात वीज सोडली की केरोसीनमधल्या हायड्रोजनचे प्रोटॉन एका दिशेला वळतात. वीज तोडली की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलू लागतात. ते सेकंदाला किती वेळा डुलतात ते मोजायचं. क्षेत्र ४५,००० नॅनोटेस्ला (म्हणजे तुमच्या फोनच्या भाषेत ४५ मायक्रोटेस्ला) असेल तर १,९१६ हर्ट्झ. म्हणजे कानाला ऐकू येणारा सूर! जुन्या यंत्राला इअरफोन लावून मी तो ऐकलाय. लांबून कोणी शीळ घालावी तसा येतो आणि दोनेक सेकंदांत विरून जातो. क्षेत्र १ नॅनोटेस्लाने बदललं तर हा सूर जेमतेम ०.०४ हर्ट्झने सरकतो. आमचं सगळं आयुष्य त्या ०.०४ मध्ये गेलं.

आता तुमचा प्रश्न. संबंध आहे, आणि तो कोणी हवेत काढलेला नाही. बेसाल्टसारख्या खडकात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. असा खडक दाबला की दाबाच्या दिशेतलं त्याचं चुंबकत्व थोडं घटतं आणि आडव्या दिशेतलं थोडं वाढतं. प्रयोगशाळेत हे कितीदा मोजून झालंय. प्रमाण ढोबळमानाने असं, की १ मेगापास्कल ताणाला चुंबकत्वात हजारात एक भाग फरक. भूकंपात भ्रंशावरचा ताण काही मेगापास्कलने उतरतो. चांगला चुंबकीय खडक धरा, मीटरला १ अँपिअर चुंबकत्वाचा. सगळं मनासारखं जुळून आलं तरी भ्रंशाच्या अगदी अंगावर बदल भरतो १ ते ५ नॅनोटेस्ला. मोजमापंही हेच सांगतात. १९९२ चा कॅलिफोर्नियातल्या लँडर्सचा भूकंप ७.३ तीव्रतेचा होता. त्यात भ्रंशापासून १७ किलोमीटरवरच्या ठाण्यावर बदल नोंदला गेला तो साधारण १ नॅनोटेस्ला.

तुमच्या धक्क्याचाही हिशोब करून पाहिला. ३ तीव्रतेच्या भूकंपात सरकणारा भ्रंशाचा तुकडा दोनेकशे मीटरचा. तेवढ्या खडकाचं चुंबकत्व वरच्या प्रमाणात बदललं असं धरलं आणि ३० किलोमीटरवर त्याचं क्षेत्र काढलं. अंतर दुप्पट झालं की परिणाम आठव्या हिश्शावर येतो, त्यामुळे उत्तर आलं नॅनोटेस्लाचा सुमारे तीस लाखावा भाग. तुमची पायरी आहे ६०० नॅनोटेस्लाची. हिशोबात मी दहापट, शंभरपट चुकलो असेन. शंभर कोटी पटीने नाही चुकणार.

टोलेजंग, चष्मेवाल्याच्या खिळ्यांनाही हाच न्याय. चुंबकाच्या तोंडाशी असलेलं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या शेकडोपट तरी असतं. उद्या पृथ्वीचं क्षेत्र पार नाहीसं झालं तरी ते खिळे हलायचे नाहीत. पडलेच असतील तर कोणाचा तरी धक्का लागून, किंवा बारीकशा पूर्वकंपाने.

६०० ही पायरी कशाची, त्यासाठी आधी आमच्या ठाण्यावरची फजिती सांगतो. पृथ्वीचं क्षेत्र मुळात रोज हलतं. दिवसा वरच्या वातावरणात विजेचे प्रवाह वाहतात, त्यांनी २० ते ५० नॅनोटेस्लाची लाट येते, आणि सौर वादळ असेल तर शेकड्यांत. यात १ नॅनोटेस्ला शोधायचा म्हणजे बाजारात कुजबुज ऐकायची. म्हणून दोन ठाणी लागतात. दोन्हीकडे एकाच क्षणी वाचन घ्यायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. आकाशातून येणारं दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं, ते कटतं. उरतं ते जमिनीतलं. एका वर्षी या वजाबाकीत ३ नॅनोटेस्लाची स्वच्छ पायरी दिसली. दहा दिवस टिकून! भ्रंश हलणार म्हणून आम्ही चौघं रात्री जागलो. वरिष्ठांना पत्राचा मसुदासुद्धा झाला होता. अकराव्या दिवशी मी बॅटरी बदलायला ठाण्यावर गेलो, तर कुंपणाच्या पलीकडे कोणीतरी लोखंडी पाइपांची चळत रचून ठेवलेली. तारीख विचारली, तर तीच. पाइप हलवले, पायरी उतरली. मसुदा मी अजून जपून ठेवलाय.

तेव्हा मला तुमच्याकडून काही गोष्टी हव्यात. ॲप सेन्सरचे कच्चे आकडे लिहितं की फोनने दुरुस्त केलेले? फोन स्वतःच्या लोखंडाचा परिणाम अधूनमधून आपण होऊन वजा करत असतो, आणि तसं केलं की आलेखात अगदी अशीच उडी येते. चार्जर लावलेला होता का? बॅटरीतला प्रवाह सेन्सरपासून बोटभर अंतरावरून जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती पायरी खाली कधी उतरली? तुम्ही फक्त चढलेली सांगितलीत.

गाभ्रो:

केरोसीनबाटली काकांनी दाबाने बदलणारं चुंबकत्व छान सांगितलं, पण तेवढ्यावर विषय संपत नाही. मी खडक दाबण्याच्याच प्रयोगशाळेत शिकतेय, म्हणून थोडी भर.

दुसरा मार्ग पाण्याचा. खडकाच्या भेगांत खारट पाणी असतं, आणि भेगेच्या भिंतीवर एका जातीचे विद्युतभार चिकटून बसतात, उरलेले पाण्यात राहतात. ताण बदलला, पाणी भेगांतून ढकललं गेलं की ते आपल्याबरोबर भार वाहून नेतं. म्हणजे वीज वाहिली, आणि वीज आली की चुंबकक्षेत्र आलं. हे प्रयोगातही दिसतं आणि ज्वालामुखींवरही. तिसरा मार्ग वादाचा. फ्रीडेमान फ्रॉइंड यांनी दाखवलं, की कोरडा ग्रॅनाइट किंवा गॅब्रो एका टोकाला दाबला की दुसऱ्या टोकाकडे प्रवाह वाहतो. आमच्याकडेही नमुन्यात प्रवाह दिसतो. पण तो नमुना हातभर लांबीचा, भट्टीत वाळवलेला. दहा किलोमीटर खाली ओलसर, भेगाळलेल्या खडकात तो प्रवाह टिकतो का, तिथे सगळं अडतं. (क्वार्ट्झ दाबला की वीज निघते हे बरोबर, पण खडकात स्फटिक वाट्टेल त्या दिशांना तोंड करून असतात आणि एकमेकांना खोडतात.)

आणि १९८९ बद्दल. तो लोमा प्रिएटा भूकंप, १७ ऑक्टोबर, तीव्रता ६.९. केंद्रापासून अवघ्या ७ किलोमीटरवर कोरॅलिटोस इथे स्टॅनफर्डच्या अँटनी फ्रेझर-स्मिथ यांचं यंत्र चालू होतं. ते भूकंपासाठी बसवलेलंच नव्हतं, नैसर्गिक विद्युतचुंबकीय गोंगाट मोजायला होतं. त्यात ५ ऑक्टोबरपासून गोंगाट वाढला आणि धक्क्याच्या सुमारे ३ तास आधी ०.०१ हर्ट्झच्या आसपास जोरात उसळला. इतक्या मंद लहरीच का, तर जलद लहरी जमिनीत मुरून जातात. मध्यम वाहक खडकात १,००० हर्ट्झची लहर दीडशे मीटरमध्ये क्षीण होते, ०.०१ हर्ट्झची ५० किलोमीटर जाते. दहा किलोमीटर खालून वर पोचायचं तर मंदच असायला हवं. म्हणून ती नोंद वाचून जगभर लोकांनी अशी यंत्रं बसवली.

टोलेजंग:

मग हे पूर्वसूचनाच झाली की! काका नाही म्हणतात, तुम्ही हो म्हणता. नक्की काय धरायचं?

गाभ्रो:

मी हो म्हटलेलं नाही. २००९ मध्ये दोन वेगवेगळ्या लोकांनी तीच नोंद पुन्हा तपासली. एका तपासणीत दूरच्या वेधशाळांच्या नोंदी शेजारी ठेवून निष्कर्ष निघाला, की यंत्रातच बिघाड झाला असण्याची शक्यता जास्त. दुसरीत निघालं, की ते अंतराळातून आलेलं नैसर्गिक चुंबकीय हालचालींचं काम. दोघांचं आपसात जुळत नाही, पण भूकंपाची पूर्वखूण नव्हे यावर दोघंही ठाम. खरी अडचण अशी, की तिथे एकच यंत्र होतं. शेजारी दुसरं असतं तर वाद झालाच नसता.

केरोसीनबाटली:

गाभ्रो, एवढं मात्र मी तुमच्याइतक्या सहज सोडून देणार नाही. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात हॉलिस्टरला ५.२ चा भूकंप झाला. त्याच्या काही आठवडे आधी एका ठाण्यावर १ ते दीड नॅनोटेस्लाचा बदल आला आणि गेला. नोंद नीट तपासलेली, शेजारची ठाणी वजा करून काढलेली. आमच्या पिढीने त्या आलेखावर आयुष्यं काढली. तो खोटा आहे असं मी आजही म्हणणार नाही. फक्त तो पुन्हा कधी त्या थाटात दिसला नाही.

मग कॅलिफोर्नियातलंच पार्कफील्ड. तिथे साधारण २२ वर्षांनी ६ तीव्रतेचा भूकंप होतो असं दिसलं, म्हणून १९८५ मध्ये भाकीत केलं, १९९३ च्या आत पुढचा होणार. भ्रंशाभोवती ताणमापक, सरकमापक, चुंबकमापक, सगळं पेरून ठेवलं. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला. जगात याआधी कुठल्याच भूकंपाची एवढी वाट कोणी पाहिली नव्हती. धक्क्याआधी यंत्रांवर ठळक असं काहीच नाही, ना ताणात, ना चुंबकक्षेत्रात. ती बातमी वाचली त्या दिवशी मी घरी येऊन कोणाशी बोललो नाही.

ताण बदलला की क्षेत्र बदलतं, हे खरं. पण भ्रंश वर्षानुवर्षं ताण साठवत असतो आणि शेवटच्या तासात त्यात वेगळं काही मोठं घडतंच असं नाही. मोठा बदल होतो तो भ्रंश सरकतो तेव्हा, म्हणजे भूकंपातच. मग चुंबकमापक सांगणार काय, तर घर हललं ते.

ताणाने क्षेत्र बदलतं याचा मला आवडणारा पुरावा तर भूकंपाचा नाहीच. ऑस्ट्रेलियात टालबिंगोचं धरण १९७० च्या सुमारास भरलं तेव्हा आसपासच्या जमिनीतलं क्षेत्र काही नॅनोटेस्लाने सरकलेलं सापडलं. पाण्याचं वजन माहीत, वेळ माहीत, त्यामुळे शंकेला जागा कमी. भूकंप मात्र वजन सांगत नाही आणि वेळही सांगत नाही.

धक्क्याच्या वेळी दिसलेल्या थरथरीबद्दल: तो सेन्सर हलल्याचा परिणाम. सेन्सर जरा तिरका झाला की तेच क्षेत्र वेगळ्या कोनातून वाचलं जातं, आणि फोनच्या सेन्सरचे तिन्ही अक्ष काही तंतोतंत जुळवलेले नसतात, त्यामुळे एकूण आकडाही डोलतो. ओळखायची खूण सोपी आहे. खडक फुटताना उठलेला चुंबकीय बदल ३० किलोमीटर क्षणात येईल. भूकंपाची पहिली लहर सेकंदाला ६ किलोमीटरने चालते, तिला ५ सेकंद लागतील. थरथर लहरीच्या बरोबर सुरू झाली असेल तर ती हादऱ्याची. जपानमध्ये २००८ च्या इवाते-मियागी भूकंपात लहर पोचायच्या आधीच सुरू झालेला बदल पकडलाय, १ नॅनोटेस्लाहून कमी. तो मात्र खरा सोन्याचा कण. तुमच्या फोनच्या सेन्सरला दिसणारा सगळ्यात लहान फरक, म्हणजे त्याची एक पायरी, बहुधा १५० नॅनोटेस्लाची असेल, त्यावर तो दिसायचा नाही.

निशाचर:

सगळ्यांचे आभार. काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला चार दिवस लागले कारण उत्तरं शोधताना मला थोडी लाज वाटत होती.

आकडे कच्चेच आहेत, ॲपमध्ये तसा पर्याय मी पहिल्या दिवशीच निवडला होता. चार्जर दोन महिने अखंड लावलेला, त्या रात्रीही काही बदल नाही. थरथर सुरू झाली ती माझ्या अंदाजाने ५ सेकंद उशिराच, पण फोनचं घड्याळ एवढं विश्वासाचं नाही, त्यामुळे त्यावर जोर देत नाही.

राहिला प्रश्न पायरी कधी उतरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी. तशीच एकदम. मग मला सुचलं ते पहिल्याच रात्री सुचायला हवं होतं: आदल्या रात्रीची फाइल उघडणं. तिथेही पायरी! २ वाजून ४ मिनिटांनी वर, संध्याकाळी खाली. त्याच्या आदल्या रात्री २ वाजून १६. गेल्या तीन आठवड्यांत आठवड्याचा एक दिवस सोडून रोज. मी फक्त भूकंपाची रात्र पाहिली आणि भूकंपच सापडला.

शेजारचे दादा तीन आठवड्यांपूर्वी रात्रपाळीला लागले. मोटरसायकल माझ्या खिडकीखाली भिंतीला टेकवून लावतात. काल त्यांना म्हटलं, दहा मिनिटं द्या. गाडी तिथून काढली, आलेख सेन्सरच्या चार पायऱ्या खाली. परत आणली, चार पायऱ्या वर. तिसऱ्यांदा उलटी उभी करायला सांगितली, तर फक्त एकच पायरी वर. दादांनी विचारलं, हे सगळं कशासाठी? मी म्हटलं, भूकंपासाठी. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

केरोसीनबाटली:

उलटी उभी केल्यावर पायऱ्या का घटल्या, ते कळलं का? गाडीचं लोखंड पक्कं चुंबकलेलं असतं. तिचं तोंड फिरवलं की तिचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात पूर्वीइतकं मिळत नाही. हा प्रयोग तुम्ही न सांगता केलात, मला आवडलं.

फोन बंद करू नका. तसलाच दुसरा जुना फोन मिळाला तर घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि वजाबाकी सुरू करा. भूकंप दिसणार नाही, पण मोठं सौर वादळ आलं तर दोन्हींवर एकदम दिसेल, आणि तेव्हा कळेल की खिडकीखाली कोणी काही लावलेलं नाही.

निशाचर:

दुसरा फोन मिळाला, मागच्या खोलीत ठेवलाय. त्यावर पहाटे ५ ला एक पायरी चढते आणि ७ ला उतरते. पहिल्यावर नाही. शोधतोय.